शाळेतलं पर्यावरणाचं काम मुलांच्या हाती कसं द्यावं?

प्रश्न: सोलापूर शहरातल्या एका अनुदानित शाळेत मी विज्ञान शिकवतो. यंदा पर्यावरण गटाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. आठवी-नववीची मुलं उत्साही आहेत, पण वृक्षारोपण, घोषवाक्यं आणि प्रभातफेरी यापलीकडे काम जात नाही. मुलांनी स्वतः पुढाकार घ्यावा आणि काम वर्षभर टिकावं, यासाठी सुरुवात कुठून करू?

उत्तर:

सर, गेली २६ वर्षं मी सोलापुरात विज्ञान शिकवतेय. आधी पूर्व भागातल्या एका शाळेत, मग उत्तर सोलापूर तालुक्यातल्या एका गावात, आणि आता पुन्हा शहरात. यातली बहुतेक वर्षं हरित सेनेचं, म्हणजे शाळेतल्या पर्यावरण गटाचं काम माझ्याकडे होतं. तुमच्या प्रश्नातच एक गोष्ट दिसते. वृक्षारोपण कधी करायचं हे परिपत्रक ठरवतं, घोषवाक्यं शिक्षक सुचवतात, फेरीचा रस्ता मुख्याध्यापक ठरवतात. मुलं फक्त हजर असतात. आपण मुलांना कामं वाटतो आणि त्यालाच पुढाकार म्हणतो. काय करायचं, आधी काय, नंतर काय, हे जोवर मुलं ठरवत नाहीत, तोवर तो आपलाच उपक्रम राहतो आणि आपण थकलो की थांबतो.

पण ‘ठरवा’ असं नुसतं सांगितलं तर मुलं काय ठरवतील? जे पाहिलंय तेच. पोस्टर, रांगोळी, फेरी. म्हणून ठरवण्याच्या आधी मोजायला लावा. आपल्या शाळेत पाणी किती येतं, किती जातं, वीज कुठे जळते, कचऱ्यात काय पडतं. आकडा मुलाच्या स्वतःच्या हातून निघाला की पुढचा प्रश्न ते मूल आपणहून विचारतं. माझा अनुभव आहे की सोलापुरात पाण्यापासून सुरुवात केली की गाडी लवकर हलते, कारण पाणी हा इथल्या प्रत्येक मुलाच्या घरातला विषय आहे. चार-पाच दिवसांनी नळ येणाऱ्या घरातली मुलं आहेत ही. पिंपं कधी भरायची, कोणतं पाणी कशाला वापरायचं, याचा हिशेब त्यांना आपल्यापेक्षा चांगला येतो. तो हिशेब शाळेत कुणी त्यांना विचारलेलाच नसतो.

पूर्व भागातल्या शाळेतली गोष्ट सांगते. नववीतल्या पाच मुलींना मी एक लोटा, एक मोजपात्र आणि घड्याळ दिलं, आणि शाळेतली प्रत्येक गळकी तोटी शोधायला सांगितलं. तोटीखाली लोटा धरायचा, दहा मिनिटं थांबायचं, जमलेलं पाणी मोजायचं आणि १४४ ने गुणायचं, कारण दिवसात दहा-दहा मिनिटांचे १४४ तुकडे असतात. मुलांच्या मुतारीजवळच्या एका तोटीचं पाणी दहा मिनिटांत ३५० मिलिलिटर भरलं. गुणाकार झाला ५० लिटर. ज्या मुलीनं तो फळ्यावर केला, तिची आई विड्या वळायची. आकडा लिहून ती थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, आमच्या घरचं दोन दिवसांचं पिण्याचं अन् सैपाकाचं पाणी हाय हे.” त्या वर्गाला पाणीबचतीवर मला वेगळं काही शिकवावं लागलं नाही.

पुढचं त्यांनी ठरवलं. एकूण अकरा तोट्या गळत होत्या. त्यातल्या सातांना फक्त वॉशर हवा होता, हे त्यांनी गल्लीतल्या प्लंबरकाकांना बोलावून विचारून घेतलं. मग त्या पाचजणी मुख्याध्यापकांकडे एक कागद घेऊन गेल्या. त्यावर तोटीचा नंबर, जागा, दिवसाची गळती आणि दुरुस्तीचा खर्च असे चार रकाने होते. मी बाहेर थांबले. मुद्दाम. मी आत गेले असते तर सर माझ्याशी बोलले असते. दुरुस्ती त्याच आठवड्यात झाली. मी त्याच तोट्यांबद्दल तोंडी किती वेळा सांगितलं होतं, याची मोजदाद नाही.

नंतर त्यांचं लक्ष गच्चीवरच्या टाकीकडे गेलं. मोटर सुरू झाली की काही वेळानं टाकी वाहायची आणि पाणी भिंतीवरून खाली उतरायचं. मुलींनी दोन आठवडे वेळा लिहिल्या: मोटर केव्हा सुरू, टाकी केव्हा वाहू लागली, मोटर केव्हा बंद. मग त्या शिपाईमामांशी बोलल्या. कळलं की नेमक्या त्याच वेळेला मामांना हजेरीपट घेऊन वर्गावर्गांत फिरावं लागतं. तोवर सगळे त्यांना निष्काळजी समजत होते. उपाय दोन निघाले: टाकीला बॉलकॉक, म्हणजे टाकी भरली की आपोआप पाणी अडवणारी तरंगत्या गोळ्याची तोटी बसवायची, आणि ती बसेपर्यंत हजेरीपट मुलींनी फिरवायचे. असा उपाय मला सुचला नसता, कारण मामांना विचारायचं माझ्याच डोक्यात आलं नव्हतं.

पाणी मोजून झालं की ते येतं कुठून हेही मुलांनी शोधावं. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. तिथून जलवाहिनीनं येणारं पाणी शंभर किलोमीटरहून जास्त अंतर पार करून सोलापुरात पोचतं, ते पंपांच्या जोरावर. म्हणजे शाळेत वाया गेलेल्या प्रत्येक घागरीत वीजही वाया गेलेली असते. नकाशावर दोऱ्यानं हे अंतर मोजायला लावा. आणि सिद्धेश्वर तलावावर एक तास न्या. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना बरोबर घेऊन तो खोदवला, असं परंपरेनं सांगतात. गड्ड्याच्या जत्रेला प्रत्येक मूल तिथे गेलेलं असतं, पण या गावात पाण्याचं काम हीच एक भक्ती होती, या नजरेनं बहुतेकांनी तो पाहिलेला नसतो.

पावसाच्या पाण्याचा हिशेबही नववीच्या गणितात बसतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. २०० चौरस मीटरचं छप्पर आणि वर्षाचा ६०० मिलिमीटर पाऊस धरला, त्यातलं २० टक्के उडून-सांडून गेलं असं मानलं, तरी ९६ हजार लिटर उरतं. आपल्याकडे सप्टेंबरचा पाऊस मोठा असतो, तेव्हा पन्हळी आणि गाळणी जूनमध्ये जमली नाही तरी ऑगस्टअखेर बसवता येते. पहिल्या पावसाचं धुळीचं पाणी बाहेर सोडायचं, बाकीचं टाकीत किंवा बोअरच्या पुनर्भरणाला.

शाळेत आरओ यंत्र असेल तर त्याच्या मागची नळीही बघा. एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी बहुतेक यंत्रं बाहेर टाकतात. ते पिंपात धरून संडास-मुतारी धुवायला वापरा. झाडांना मात्र घालू नका. बोअरच्या पाण्यात आधीच क्षार असतात, आरओनंतर ते आणखी दाट होतात, आणि काही महिन्यांनी कुंडीतल्या मातीवर पांढरा थर दिसायला लागतो.

आता झाडांचं, कारण तुमच्याकडे खड्डे बहुधा खणून झालेले असतील. ५ जूनला रोप लावणं हे सोलापूरच्या हवामानाला धरून नाही. पाऊस नीट बसलेला नसतो, जमीन तापलेली असते आणि शाळा तर १५ जूनच्या सुमारास उघडते. ५ जूनला मुलांना आळी करू द्या, खत कालवू द्या, गेल्या वर्षीच्या झाडांची मोजणी करू द्या. रोपं दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर जुलैत लावा. आणि किती लावायची, हे उन्हाळ्याच्या सुट्टीत किती जगवता येतील यावर ठरवा. मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे जातो आणि शाळेला कुलूप असतं. रोप मरतं ते तेव्हा. आमच्या गावच्या शाळेत मुलांनी एकदा ठरवलं की शाळेजवळ राहणारी जेवढी मुलं, तेवढीच झाडं लावायची. १४ लावली. मोठ्या समारंभात लावलेल्या शंभरापेक्षा ती चौदा मला जवळची आहेत. दोन वर्षांनी त्यातली बारा उभी होती.

सुट्टीतल्या पाण्यासाठी मुलांनीच एक युक्ती काढली होती. पाच लिटरचा जुना कॅन रोपाजवळ अर्धा पुरायचा, खाली बारीक भोक पाडून त्यातून टॉवेलच्या कातरणाची वात मुळांपर्यंत न्यायची. यंत्रमागाच्या कारखान्यांत असं कातरण ढिगानं पडलेलं असतं, आणि टॉवेलचं सूत पाणी छान ओढतं. वर पालापाचोळ्याचं जाड आच्छादन टाकलं की एक कॅन तीन-चार दिवस पुरायचा. ज्याच्या वडिलांचा माग होता, तो मुलगा वर्गात फारसा बोलायचा नाही. वातीला पीळ किती द्यायचा हे सगळ्यांना त्यानं शिकवलं.

झाड कोणतं, हेही मुलांना ठरवू द्या, पण आधी परिसर फिरवून आणा. आजी-आजोबांना विचारायला लावा की पूर्वी इथे काय होतं. कडुलिंब, चिंच, बोर, करंज, हिवर, बाभूळ ही नावं यायला लागतात. वड-पिंपळाला जागा लागते, भिंतीलगत लावू नयेत. गुलमोहर दिसायला सुरेख असतो, पण वाऱ्यात फांद्या मोडतात, म्हणून खेळाच्या मैदानाशेजारी मी तो नको म्हणते.

एका बाबतीत मात्र मी मुलांना स्पष्टपणे अडवते. गावाबाहेरच्या माळावर जाऊन झाडं लावण्याचा उत्साह. शाळेपासून साधारण तासाभराच्या अंतरात नान्नजचं माळढोक पक्ष्याचं अभयारण्य आहे, १९७९ सालचं. माळढोक, काळवीट, लांडगा, धाविक पक्षी यांचं घर म्हणजे उघडं गवताळ रान. तिथे झाडांची दाटी झाली तर माळढोकाला लांबवर नजर टाकता येत नाही आणि तो ती जागा सोडतो. आता तर तो इतका दुर्मीळ झालाय की मुलांनी तो पाहिलेला नाही आणि बहुधा पाहणारही नाहीत, हे सांगताना माझा गळा दाटतो. ‘माळ म्हणजे ओसाड जमीन’ ही समजूत मोडायची असेल तर मुलांना एकदा पावसाळ्याच्या शेवटी गवतात घेऊन जा. पवन्या, कुसळी, मारवेल अशी गवतं ओळखायला लावा. सोलापूरच्या मुलाला हे कळलं पाहिजे की काही ठिकाणी निसर्ग जपायचा म्हणजे तिथे काहीही लावायचं नसतं.

कचऱ्याचं काम अवघड आहे, कारण तिथे माणसांच्या सवयी आड येतात. तिथे मुलांचा एक निर्णय चुकला होता, तोही सांगते. आमच्या गटानं ठरवलं, वेफर्सचं पाकीट आणणाऱ्याला दोन रुपये दंड. मला तो पटला नव्हता. मी माझं मत सांगितलं आणि थांबले. तीन आठवड्यांत पाकिटं आवारातून दिसेनाशी झाली आणि संडासाचं भांडं तुंबलं. मुलं दंड चुकवायला पाकिटं तिथे टाकत होती. गटाची बैठक झाली, रडारड झाली, दंड त्यांनीच रद्द केला. मग त्यांनी भंगारवाल्याला शाळेत बोलावून विचारलं, तुम्ही काय घेता, काय घेत नाही? रद्दी, पुठ्ठा, बाटल्या, लोखंड घेतो. चकचकीत पाकिटं कुणीच घेत नाही, म्हणाला. ‘रिसायकल’ हा शब्द पुस्तकात जितका सोपा वाटतो तितका तो नाही, हे त्यांना त्या माणसाकडून कळलं. महिन्यातून एक शनिवार ‘घरचा डबा’ ठरला. कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणणाऱ्या मुलांच्या डब्याला त्या दिवशी फार मागणी असायची. पाकिटं पूर्ण बंद झाली नाहीत, पण निम्म्याहून खाली आली, आणि हे ते रोज मोजून लिहीत होते.

मी दंडाच्या वेळी अधिकार वापरून नाही म्हटलं असतं तर? चूक टळली असती, पण गट माझ्या तोंडाकडे बघायला शिकला असता. जिथे जिवाला धोका आहे तिथे मात्र मतदान नसतं, थेट नाही. मुलांनी संडास साफ करायचे नाहीत, तुळजापूर रस्त्यावरच्या कचरा डेपोत वस्तू वेचायच्या नाहीत, फुटलेली ट्यूबलाइट हाताळायची नाही कारण तिच्यात पारा असतो, जुने संगणक उघडायचे नाहीत, पालापाचोळा जाळायचा नाही, टाकीवर चढायचं नाही. एवढं पहिल्याच दिवशी लिहून दिलं की बाकीचं मोकळं सोडता येतं.

पोषण आहाराच्या उरलेल्या खिचडीबद्दल बहुतेक शाळा थेट खतखड्ड्याकडे वळतात. आधी वजन करा. आमच्या मुलांनी दोन आठवडे उरलेल्या अन्नाची बादली तराजूवर ठेवली. शनिवारी सकाळच्या शाळेत सगळ्यात जास्त उरायचं, कारण मुलं घरून खाऊन आलेली असायची. पहिली वाढणी अर्धी, हवं तर पुन्हा मागा, एवढ्या बदलानं बादली जवळजवळ रिकामी झाली. खत पालापाचोळ्याचं आणि भाज्यांच्या देठा-सालींचं करा. एक थर ओला, दोन-तीन थर सुका, ओल पिळलेल्या फडक्याइतकी, आठवड्याला एकदा वर-खाली. वास आला तर समजायचं हवा कमी पडली किंवा ओलं जास्त झालं. सुका पाला घाला. तेल-मिठाची खिचडी त्यात टाकली की उंदीर येतात.

मुलींच्या सॅनिटरी पॅडचा प्रश्न पुरुष शिक्षकाला अवघड जातो, म्हणून तो वगळू नका. एका शिक्षिकेला सोबत घ्या आणि मोठ्या मुलींना ठरवू द्या: झाकणाचा डबा कुठे हवा, वर्तमानपत्राचे तुकडे कुठे ठेवायचे, डबा कोण आणि केव्हा नेणार. आमच्याकडे मुलींची पहिली मागणी होती संडासाला आतून लागणारी कडी. कडी बसली, तेव्हा डबा वापरात आला.

विजेचं थोडक्यात. बारा वर्गांत चार-चार जुने पंखे, प्रत्येकी ७५ वॅट. प्रार्थना, मधली सुट्टी आणि खेळाचा तास मिळून दिवसाला एक तास ते रिकाम्या वर्गात फिरले, तर ३.६ युनिट, आणि शाळेच्या २०० दिवसांत ७२० युनिट. मुलांनी हे वीजबिलाशी ताडून पाहावं. कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा साधारण ३० वॅटवर चालतो, पण तो पुढचा टप्पा, आधी बटण.

गटात कोण असावं? पहिले नंबर आणि मॉनिटर यांनीच गट भरू नका. त्यांच्याकडे आधीच दहा कामं असतात. प्रत्येक वर्गातून एक मूल शिक्षकांनी, एक मुलांनी निवडलेलं, आणि दोन जागा ज्याला यावंसं वाटतं त्याला. आपल्या शहरात घरी तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी मुलं एकाच वर्गात असतात. घरोघरी जाऊन बोलायचं काम निघालं की हीच मुलं पुढे येतात. बैठक आठवड्याला अर्धा तास, वेळापत्रकात लिहिलेली. शाळा सुटल्यावर ठेवली तर दूरची मुलं आणि घरी काम असलेल्या मुली गळतात. अध्यक्ष दर दोन महिन्यांनी बदला. खर्चासाठी छोटी का होईना, पण ठरलेली रक्कम गटाच्या हाती द्या आणि हिशेब त्यांनाच मांडू द्या, शक्य तर शाळा व्यवस्थापन समितीसमोर. पालक ऐकत असले की मुलांची तयारी वेगळीच असते.

काम टिकतं ते नोंदवहीमुळे. दहावीची मुलं जातात आणि दरवर्षी शून्यापासून सुरुवात होते, हीच खरी अडचण. म्हणून दहावीला डिसेंबरमध्ये मोकळं करा, आणि त्याआधी तीन महिने प्रत्येकाच्या जोडीला आठवीतलं एक मूल द्या. वहीत तारीख, आकडा, काय ठरलं, काय फसलं, एवढंच. माझ्याकडे गावच्या शाळेतली अशी एक वही आहे. तिच्यात एका मुलानं लिहिलंय, “चिंच क्र. ६ शेळीनं खाल्ली. कुंपण माझ्याकडे होतं.” मला ती ओळ कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा मोलाची वाटते. स्पर्धा आणि बक्षिसं येतील, माझी वसुंधरासारख्या अभियानांचे फॉर्म येतील. वहीत खरे आकडे असले तर फॉर्म तासाभरात भरून होतो. फोटो मात्र रोप लावताना काढू नका, त्याच झाडाशेजारी वर्षानं काढा.

येत्या सोमवारी एवढंच करा. पाच-सहा मुलांना एक लोटा, मोजपात्र आणि कोरी वही द्या. मोटर किती वाजता सुरू होते आणि टाकी किती वाजता भरते हे शिपाईमामांना विचारायला सांगा, आणि ती विचारत असताना तुम्ही स्टाफरूममध्ये बसा.